खिडकी क्रमांक चारवरच्या लोकरीच्या दोऱ्याबाबत

प्रति,
मा. दाखले अधिकारी,
दाखले कक्ष, छत्रपती संभाजीनगर.

विषय : दोऱ्यात तळाशी अडकलेले कागद आधी तपासून मिळणेबाबत.
संदर्भ : खिडकी क्र. ४ वरील तोंडी शेरा, दि. ८ सप्टेंबर २०२५.

महोदय,

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्जदार मुंजाबा शिंगाडे, रा. पिशोर, यांचे कागद परत करण्यात आले. कारण : फाईल नाही. अर्जदाराची मुलगी सोनिया हिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा असून मुदत गुरुवारी सायंकाळी पाचला संपते.

घरी मेंढरं होती तेव्हापासून अर्जदाराकडे कागद दाभणाने टोचून लोकरीच्या दोऱ्यात ओवण्याची रीत आहे. सर्वांत खाली आजोबांचा उर्दूतला चराई परवाना, त्यावर बाकीचे. लिपिक खंडेराव म्हणाले, "मामा, ही फाईल नाय, हार हाय. घालू कुणाच्या गळ्यात?" शेजारच्या टेबलावर सांगितले, स्कॅन केलेली तीच फाईल. माजी सैनिक असलेल्या शिपायाने एकामागे एक उभे राहण्यालाही फाईल म्हणतात असे सांगून अर्जदारास रांगेच्या शेवटी धाडले.

सोनियाने शब्दकोश उघडला. त्यानुसार हा शब्द लॅटिनमधल्या दोऱ्यावरून आला. जुन्या कचेऱ्यांत कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवत, तीच फाईल. पुठ्ठ्याला आणि संगणकाला हे नाव मागाहून मिळाले. लोहाराची कानसही इंग्रजीत फाईलच, पण तिचे कूळ वेगळे. सबब या कक्षात खरी फाईल एकच, अर्जदाराची, असे तिने खिडकीवर ठणकावले.

दुर्दैवाने खंडेरावांना ते पटले. त्यांनी दोरा खिडकीच्या गजाला टांगला आणि मंगळवारपासून येणारा प्रत्येक अर्ज त्यातच ओवला. तपासणी वरून होते. दिवसाला दहा निघतात, तीस चढतात. तळाची गाठ सोडावी तर सगळ्यांचे कागद जमिनीवर येतात, म्हणून रांगेतले लोक हात लावू देत नाहीत. अर्जदाराच्या मातोश्री वच्छलाबाई यांनी आज दाभण काढून घेतले. "लई झालं! माझ्या नातीच्या उरावर अजून किती चढवता रं?" असे त्या म्हणाल्या. लोक आता बॉलपेनने टोचतात.

तरी तपासणी एकदाच, उद्यापुरती, खालून सुरू करण्याचा हुकूम व्हावा. हा अर्ज सर्वांत वर राहील व आधी वाचला जाईल, याच भरवशावर तो केला आहे.

आपल्या खिडकीपाशी उभा, नम्र,
मुंजाबा पुंजाराम शिंगाडे
बुधवार, दि. १० सप्टेंबर २०२५, दुपारी ४.४०

ता. क. : ४.४३. या अर्जावर दोन कागद चढले.