खडकापर्यंत

४ फेब्रुवारी
पोहण्याच्या तलावावर नाव घातलं! खिडकीतला माणूस म्हणाला, "नातीसाठी का?" — नाही हो, माझ्याचसाठी. त्याने चष्म्यावरून पाहिलं. पाहू दे.

खाली दुकानात जाऊन नणंदेला सांगितलं. तिचं शिवणयंत्र थांबलं. "वहिनी, तुम्ही? तोंडावर पाणी मारतानासुद्धा नाक धरता!" हसून हसून डोळे पुसले तिने. मग टेप काढली. पोहण्याचा पोशाख मीच शिवणार, म्हणाली. माप देताना मी पोट आत ओढलं, तर — "श्वास सोडा. पाण्यात लबाडी चालत नाही."

कशासाठी शिकतेय ते तिने विचारलं नाही. सख्खी बहीण आहे ह्यांची, कळलंच असेल. दर उन्हाळ्यात हे तळ्यात उतरायचे, पार मधल्या खडकापर्यंत पोहत जायचे आणि तिथे बसून राहायचे. मी काठावर — टॉवेल, घड्याळ, चपला सांभाळत. "चल की!" म्हणायचे. "पुढच्या वर्षी," म्हणायचे मी. ह्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या खडकावर एकदा बसायचंय. बस्स.

१० फेब्रुवारी
पहिला दिवस. शिकवणारी धिप्पाड, गळ्यात शिट्टी. शिट्टीबाई! (मनातल्या मनात.) म्हणाली, "पाठीवर झोपा, तरंगाल." मी तिला सांगितलं, हो, आपण जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढ्याच वजनाचा जोर आपल्याला वर ढकलतो, शिवाय छातीत हवा असली की... ती शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरोबर. आता झोपा."

कसली झोपतेय! काठाची दांडी सोडली नाही. आणि शाळेत वर्षानुवर्षं आठवीला हेच शिकवतेय मी.

११ फेब्रुवारी
आजही दांडीच धरून.

२१ फेब्रुवारी
दांडी सोडली आणि गेले खाली. नाकातोंडात पाणी. शिट्टीबाईच्या गळ्याला असा विळखा घातला की तीच बुडायची! बाकीच्या बायका बघत होत्या. अंग पुसलं आणि थेट घरी आले.

१ मार्च
गेले नाही. सर्दी आहे. (नाही.)

वाचनालयातून पोहण्यावरची दोन पुस्तकं आणली. उत्तम आहेत. हाताचा कोन, मानेची ठेवण, श्वास कधी घ्यायचा — सगळं पाठ झालं. नणंद पोशाखाची शिवण पक्की करून द्यायला वर आली. मी सोफ्यावर आडवी, छातीवर पुस्तक, हवेत हात मारतेय! दारातच थबकली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान..." म्हणाली. पुढचं मीच पुरं केलं — स्वतः कोरडे पाषाण. "अगदी शब्दशः, वहिनी! टिपूससुद्धा नाही अंगाला!"

इतक्या दिवसांनी पोट धरून हसले. ती गेल्यावर थोडं रडलेही.

५ मार्च
आठवीच्या वर्गात नेमका तोच धडा. फळ्यावर पाणी काढलं, माणूस काढला, बाण काढले. मागच्या बाकावरची एक मुलगी — "बाई, तुम्हाला येतं पोहायला?" चेष्टा नव्हती, खरंच विचारत होती.

"शिकतेय," म्हणाले. मग तीच म्हणाली, "भीती वाटते?"

"खूप."

तास संपला तरी कुणी उठेना. सगळ्यांना बुडाल्याच्या आपापल्या गोष्टी सांगायच्या होत्या.

६ मार्च
गेले. शिट्टीबाईने तळहात माझ्या पाठीखाली धरला. म्हणाली, "बाई, आज काही सांगू नका मला. कान पाण्यात जाऊ द्या."

कान पाण्यात गेले. सगळे आवाज बंद. वर छताचे पत्रे, त्यातून येणारं ऊन. बऱ्याच वेळाने लक्षात आलं — तिचा हात नाहीच!

माहीत होतं सगळं. कळलं आज.

२ एप्रिल
तलावाची लांबी. न थांबता. शेवटी शेवटी बेडकासारखी, पण पोचले! शिट्टीबाईने इतक्या जोरात शिट्टी मारली की पहारेकरी धावत आला.

२९ एप्रिल
आता जा-ये, जा-ये. खांदे दुखतात. भूक लागते. तळ्याचं सांगितलं शिट्टीबाईला. म्हणाली, "एकटीने अजिबात नाही. मी होडी घेऊन बरोबर येते."

१६ मे
उद्या. नणंद दुकान बंद ठेवतेय. "टॉवेल मी धरीन," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून यंत्राच्या बॉबिनवर दोरा भरत बसली.

१७ मे
पोचले! होडीला हात लावावा लागला नाही. खडक उन्हाने तापला होता.

दम खाऊन काठाकडे पाहिलं. झाडं दिसतात. माणसं म्हणजे नुसते ठिपके. नणंद कुठली, ओळखू येईना. हे इथून दर वेळी हात हलवायचे — मला वाटायचं, मी दिसतेय त्यांना! काही दिसत नव्हतं. मी तिथे असणारच, एवढंच धरून हलवायचे.

मीही हात वर केला. बराच वेळ हलवला.