डावा गुडघा, तीन फिल्म

१८ डिसेंबर १९६७, सोमवार. दुबई.

१. आमच्या तेलकंपनीच्या हॅस्केलसाहेबांचा मुलगा डॉनी सकाळी जुमेऱ्याच्या वाळूवर धावताना पडला.
२. कोणी धक्का दिला नव्हता. जमीन सपाट होती.
३. उठला, हसला, पुन्हा धावला. पुन्हा पडला.
४. साहेबांनी जीपमधून कंपनीच्या दवाखान्यात आणला. डॉ. म्हणाले, डावा गुडघा, एक्स-रे.
५. मी दोन फिल्म काढल्या. एक पुढून, एक बाजूने. दोन्ही स्वच्छ.
६. बूट काढताना तो डावा पाय न वाकवता, कमरेतून खाली गेला होता. म्हणून कोणी सांगितलं नसताना तिसरी काढली. गुडघा वाकवून, हाडांमधल्या खोबणीत बघणारी.
७. तिच्यात दिसलं. मांडीच्या हाडाच्या टोकाचा वाटाण्याएवढा तुकडा सुटत आलाय.

डॉ.ना दाखवली. उद्या ते नाताळच्या रजेवर निघणार. फिल्म उजेडाला धरली आणि खाली ठेवली. "फिल्म कोणती, कुठे पाठवायची हे तुमचं खातं."
माझं खातं. बरं.

१९ डिसेंबर

आज कळलं एवढी धावपळ कशाला. डॉनी अमेरिकेत कॉलेजात शिकतो, शेवटचं वर्ष, नाताळच्या सुट्टीत इकडे आलाय. त्यांच्याकडचा फुटबॉल हाताने खेळतात, चेंडू दोन्हीकडून टोकदार. डॉनीचं काम एकच. कडेने पळत सुटायचं, मागून हवेत फेकलेला चेंडू झेलायचा आणि कोणी पाडायच्या आत पुढे जायचं. त्याच्याइतका वेगवान पोरगा त्यांच्या भागात नाही म्हणे.

जानेवारीअखेर पैसेवाले संघ एका खोलीत बसून पाळीपाळीने पोरं निवडतात. ज्याने नाव घेतलं त्याचा पोरगा. पोराने संघ निवडायचा नाही.

प्रुइट नावाचे एक गृहस्थ बैरूतहून यंत्रांच्या कामासाठी आलेत. एका संघाशी त्यांचं जुनं नातं आहे, पोरं हेरून कळवतात. डॉनीला बघणार. धावण्याची वेळ घड्याळावर मोजणार आणि गुडघ्याची फिल्म घेऊन जाणार. फिल्म नसेल तर नाव पुढे पाठवत नाहीत.

रोजा सोडताना घरी सांगितलं. जमिलाभाभी खजूर चघळत म्हणाली, "म्हणजे बघायला आलेत की. पोहे केलेनी का नाय?"
इस्माईलभाई म्हणाले, "चालून दाखव म्हणतील. मग दात."
भाभी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आपल्या बायला चालून दाखव म्हटलंनी, तर ही त्यांनाच म्हणाली, आधी मुलाला चालवा."
भाऊ हसले. मी हसले नाही. तो मुलगा खरंच लंगडत होता.

२१ डिसेंबर, गुरुवार

विमानतळामागची मिठाची कडक जमीन. मला पट्ट्या आणि बर्फ घेऊन बोलावलं होतं. तेलाच्या रिगवरचे सुट्टीचे लोक मोटारींच्या टपावर बसलेले, सिगारेटींच्या पैजा लावत.

प्रुइट ठेंगणे, कान लाल. डॉनीशी एक शब्द बोलले नाहीत. जे काय ते साहेबांशी, मुलगा मध्ये उभा असताना.
"हात मोठे आहेत. बरं आहे."
"मान बारीक. एका फटक्यात मोडेल."
"आई उंच आहे का?"
साहेबांनी आईची उंची सांगितली.

मग चाळीस यार्ड. साडेचार सेकंद. प्रुइटनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, पुन्हा पळवलं. तेवढेच. टपावरच्या पैजा थांबल्या. सरळ धावताना तो खरंच देखणा आहे. टाच जमिनीला लागतच नाही. नोंद करून ठेवते, कारण पुढचं तसं नाही.

पुढचं म्हणजे वळण. डावा पाय रोवून उजवीकडे वळायचं आणि चेंडू झेलायचा. सात वेळा केलं. सातही वेळा वळण्याआधी दोन बारीक पावलं जास्त टाकली. तेवढ्यात चेंडू पुढे जातो. चार सुटले.
"पावलं चोरतो," प्रुइट म्हणाले.
"थकलाय," साहेब.
"बावीस वर्षांचा आहे. शिकेल."
शिकणार नाही. तो पाय त्याला वळू देत नाही, आणि ते त्याला ठाऊक आहे.

आठव्या वेळी खाली बसला. साहेब लांबूनच म्हणाले, "उठ. पाहुण्यांना वेळ नाही." आमचा इराणी ड्रायव्हर गुलाम मोटारीतून ओरडला, "यल्ला हबीबी, यल्ला!" सगळे हसले. पोरगाही हसला. उठला, धावला.
बर्फ कोणी मागितला नाही. वितळला.

२४ डिसेंबर

साहेब डार्करूममध्ये आले. दार न वाजवता, एक फिल्म धुवायची चालू असताना. उजेड लागून ती वाया गेली. माफी मागितली नाही.

जूनमध्ये कॉलेज संपलं की डॉनीची सैन्यभरतीतली सूट संपते. मग त्यांच्या गावचं भरती बोर्ड बोलावेल, आणि धडधाकट असला तर व्हिएतनाम. गल्लीतली दोन मुलं खोक्यात परत आलीत, म्हणाले. हे सांगताना तेवढा आवाज हलला. नंतर नाही.

मागणं सोपं. पुढची आणि बाजूची फिल्म प्रुइटना. तिसरी बोर्डाला. संघाला गुडघा चांगला, सैन्याला वाईट.
"तुम्हाला एक अक्षर खोटं लिहायला लागणार नाही, मिस."
खरं आहे. तिन्ही फिल्म खऱ्या आहेत.
मी म्हटलं, तिन्हींवर एकच क्रमांक आहे, माझ्या रजिस्टरला एकच तपासणी आहे.
"तुमचे भाऊ आमच्या छावणीला मटण देतात ना?" असं म्हणून गेले.

२६ डिसेंबर

इस्माईलभाईंना निरोप माझ्याआधी पोचला होता.
"बाय, तुला काय पडलंय? गोऱ्यांचा गुडघा, गोऱ्यांची लढाई. दे तो मागतो तसं."
"संघाने घेतला आणि पहिल्याच महिन्यात मोडला तर?"
"तर मोडला. आपल्या बापाचा आहे?"
भाभीने समोसे पुढे केले. "पोराला विचारलंनी काय कोणी?" म्हटलं, नाही. तर म्हणते, "विचारतंय कोण? मला विचारलं होतं?" भाऊंनी हातातला समोसा खाली ठेवला. ती समोसे वाढत राहिली.

मी काही कबूल केलं नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाहीत.

२९ डिसेंबर

डॉनी एकटा आला. दारातच नर्सबाईंची नक्कल केली, त्यांच्या चालण्याची. चांगली जमते त्याला. नर्सबाई आत गेल्या.

तिसरी फिल्म उजेडावर लावून दाखवली. त्याने तुकड्यावर बोट ठेवलं.
"हे कधीचं?"
"ते तुम्ही सांगा."
"ऑक्टोबर. कोणाला बोललो नाही."
"का?"
"बोललो असतो तर बाकावर बसवलं असतं."
किती टिकेल, विचारलं. म्हटलं, सरळ धावलात तर टिकेलही. एक आडवा फटका बसला की तुकडा निसटेल, गुडघा अडकेल. तुमच्या खेळात सरळ धावू देतात का?
"मी फार फास्ट आहे. लागणारच नाही कोणी माझ्या हाती— म्हणजे मी त्यांच्या." हसला.

मग म्हणाला, तिसरी जाळा. बोर्डालाही नको. गावात अधू म्हणून राहण्यापेक्षा युद्ध परवडलं. एकदा संघात गेलो की संघवाले सैन्याचं बघून घेतात, सगळ्यांचं घेतात.
"बाप वेगळं म्हणतो," मी म्हटलं.
"बाप मला पळताना बघतो. मला नाही बघत."
असली वाक्यं घरून पाठ करून आणतात, असं वाटलं.

म्हटलं, उकिडवे बसा. म्हणजे काय, कळेना. बसून दाखवलं, साडी सावरून, पावलं पूर्ण टेकवून. "आमच्याकडे तीन वर्षांचं पोर बसतं. आमच्या आज्या असं बसून मासळी विकतात." बसायला गेला. अर्ध्यावर गुडघा अडकला. वर येईना, खाली जाईना. मी उचलायला गेले नाही. नर्सबाईंना हाक मारली. त्यांच्या खांद्याला धरून उठला. त्यांच्याकडे बघितलं नाही.

डॉ. असते तर हे करू दिलं नसतं. पण आता त्याला आतून माहीत आहे. फिल्म बघून माहीत होणं वेगळं.

जाताना म्हणाला, "तुम्ही भयंकर बाई आहात."
नोंद घेतली.

३१ डिसेंबर

भाभी म्हणते साहेबांच्या बायकोने केक पाठवलाय. भावाने तो न कापता ठेवलाय, माझ्या होकाराची वाट बघत असल्यासारखा. प्रुइट शारजाला काम उरकून शुक्रवारी पहाटे बैरूतला निघतात.

डॉनी सकाळी पुन्हा वाळूवर होता, गुलाम सांगत होता. फक्त सरळ धावतो. शेवटाला पोचला की थांबतो, चालत वळतो आणि परत सरळ धावत येतो. लोक बघायला जमतात. "खलास, मिस, घोडा आहे घोडा."

२ जानेवारी १९६८, मंगळवार

सकाळी डॉनीला चिठ्ठी दिली. साहेबांच्या नाही, त्याच्या हातात. इंग्रजीत लिहिली होती, मजकूर असा:

मि. डॉनी हॅस्केल,
तिसरी फिल्म मी जाळणार नाही. तिन्ही वेगळ्याही करणार नाही. दोनच मार्ग आहेत.
तिन्ही फिल्म एकत्र, प्रुइट यांना आणि तुमच्या गावच्या बोर्डाला, दोन्हीकडे. सैन्य बहुधा तुम्हाला घेणार नाही. प्रुइट काय करतील ते मला ठाऊक नाही.
किंवा एकही फिल्म कोणालाच नाही. मग प्रुइट तुमचं नाव पुढे पाठवणार नाहीत, आणि बोर्डापुढे तुम्ही धडधाकट म्हणून उभे राहाल.
तुम्ही बावीस वर्षांचे आहात. तुमच्या वडिलांचं उत्तर मी ग्राह्य धरणार नाही, माझ्या भावाचंही नाही.
यातला कोणता मार्ग, ते तुमच्या स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी, गुरुवार ४ जानेवारी, दवाखाना बंद होण्याआधी कळवावे.