टॅपेटची फट

३ मे

ति. दादास सा. न. वि. वि.

तू यांच्या गाडीच्या इंजिनाचं हेड दुरुस्त करून बसवलंस तेव्हापासून ती वाजते. हे म्हणतात, तुझ्या भावाने इंजिनात सुतारपक्षी कोंडलाय. स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर हसतात, आणि तो राग घरी येतो. काल जेवताना ताट भिंतीवर गेलं, मग मी. ओठाला टाके पडलेत, बाकी ठीक. छोटी मजेत आहे, मामा कधी येणार विचारते. काय बिघडलं असेल ते कळव, म्हणजे यांना सांगता येईल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकी

६ मे

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

वाचून हात शिवशिवले. तू लगेच शपथ घालशील, म्हणून आधी इंजिनाचं बोलतो. लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकव आणि मूठ कानाला लाव, अगदी डॉक्टरीणबाई दिसशील. खालून जड ठोके आले तर बेअरिंग गेलं; गाडी हलवू नये. वरून बारीक टिकटिक असेल तर झडपा दाबणाऱ्या टॅपेटची फट जास्त राहिली. त्याने इंजिन लगेच मरत नाही. पण माझ्या हातचं काम असं चव्हाट्यावर वाजावं याची लाज वाटते.

छोटीला गालगुच्चा. पत्राला उशीर नको.

दादा

१० मे

ति. दादास सा. न.

वरूनच येते, टिकटिक, गाडी तापल्यावरही. पेचकस कानाशी धरून वाकले होते, तेवढ्यात यांनी मागून त्या मुठीवरच फटका मारला. कानातून रक्त आलं. उजव्या बाजूने आता काही ऐकू येत नाही.

दादा, टॅपेटला हात लावू नकोस. गाडी कोपऱ्यावर वळली की टिकटिक डाव्या कानाला कळते. तेवढ्या वेळात मी छोटीला मागच्या दाराने शेजारच्या वहिनींकडे देते. हल्ली यांचा हात तिच्यावरही उठतो. इंजिन मरत नाही ना? मग वाजू दे.

तुझी ठकी

१० मे

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझ्या उत्तरापर्यंत धीर धरवला नाही. आज थेट स्टँडवर गेलो, इंजिन थंड होऊ दिलं आणि टॅपेट जुळवून टाकले. मेहुणे खूश झाले, पाठीवर थाप मारली. आता त्यांना चिडायला निमित्त नाही. परतायची घाई होती, घरी डोकावलो नाही, रुसू नकोस. गाडी दारात येऊन थांबली तरी तुला कळायचं नाही, अशी झालीय.

दादा

१३ मे

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. परवा संध्याकाळी हे आले ते कळलंच नाही. छोटी उंबऱ्यातच बसली होती. तिचा हात कोपराखाली मोडलाय, हाड वर आलं होतं. सोडवायला धावले तर यांनी तिलाच उचलून माझ्या अंगावर फेकलं. हात बांधून आणला, आता वहिनींनी आम्हाला आत घेऊन कडी लावलीय. हे बाहेरून दारावर लाथा घालतात.

काम तू चोख केलंस रे. ये.

ठकी

१६ मे

श्री. मेहुण्यांस,

काल तुम्हाला बोलायला उसंत दिली नाही, म्हणून लिहितो. ठकी आणि छोटी माझ्याकडे आहेत, इथेच राहतील. तुमच्या उजव्या हाताची बोटं मी मोडली. डॉक्टरने विचारलं तर जिन्यावरून पडलो म्हणून सांगा. ठकी दरवेळी तेच सांगत आली, त्यामुळे त्याला नवल वाटणार नाही.

गाडीला धक्का लावलेला नाही. हात जुळला की ती घेऊन इकडे याल. या. मी दारातच बसलेला असतो.

लोभ नव्हता, आता ओळखही नसावी.

छोटीचा मामा