घूस आणि हौदाचं हिरवं पाणी

यावल,
माघ शुद्ध दशमी, सन १९५७

चि. सुगंधास आईचा आशीर्वाद. आम्ही इकडे आहोत तसे आहोत, तू जळगावात नीट जेवत जा. नानांच्या तब्येतीचं खाली लिहिते, आधीच घाबरू नकोस.

केळीत घुशींनी उच्छाद मांडलाय. पाटाचा बांध पोखरला, पाणी भलत्याच वाफ्यात जातं. काल आपल्या पुना सालदाराने बिळाच्या एका तोंडात पाणी सोडलं आणि दुसऱ्या तोंडाशी मला काठी घेऊन उभं केलं. घूस निघाली ती पिलू तोंडात धरून. मला पाहिलं, पिलू बांधावर ठेवलं आणि परत त्याच पाण्यात शिरली, दुसरं आणायला. पुना म्हणतो, "काकू, हाना ना." माझा हात वरच्या वर राहिला. पुना अजून हसतोय मला.

तेव्हा तुझं हौदाचं पाणी आठवलं. दिवाळीत तू सांगितलंस, ह्या हिरव्या पाण्यातला एकेक जीव इतका बारीक की कॉलेजातल्या भिंगाखालीच दिसतो. तोंड नाही, बीळ नाही, उन्हावर जगतो. वाढला की मधोमध फुटून दोन होतात. मी विचारलं, मग आई कुठं जाते? तू म्हणालीस, "आई उरतच नाही. दोन्ही लेकीच. बरं आहे की, कुणाचं कुणावाचून अडत नाही."

मी भांडी आपटली, कारण उत्तर सुचलं नाही. आता सुचलं. त्या जिवाला पाण्यात सुख असेल, पण त्याच्यासाठी पाण्यात परत शिरणारं कुणी नसतं.

आता नानांचं. रावेरची माणसं रविवारी तुला पाहायला येणार. परीक्षा सोडून तू येणार नाहीस, हे नानांना ठाऊक. म्हणून मला लिहायला बसवलं. म्हणाले, "बाप आजारी हाये असं लिही, धावत येईल." म्हणजे बिळात पाणीच की. आणि काठी घेऊन पुन्हा मीच उभी.

नाना धडधाकट आहेत. सकाळीच कळण्याच्या चार भाकरी हाणून मळ्यात गेले. तार आली तरी जागची हलू नकोस. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी सांगते. घरात भांडण होईल, होऊ दे. पत्र पुनाकडे देत नाही, माझी मी पेटीत टाकून येते.

तुझी, अजून उरलेली,
आई