घर आणि अर्ज एकाच हाती

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार खालच्या आळीतले शेवटचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यकृताचे त्यांनी तोंडी सांगितले. पुढचा पावसाळा मी बघेन असे त्यांना वाटत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतील शिल्लक, माझ्या कै. पत्नीचे दागिने आणि भिंतीवरचे घड्याळ माझ्या मुलाला द्यावे. त्याने मला कधी अंतर दिले नाही. दर रविवारी येतो, दाराशी रुमाल नाकाला लावतो आणि म्हणतो, "बाबा, वर चला राहायला. या घाणीत काय ठेवलंय?" मी म्हणतो, "घाण वरूनच येते रे." तो हसतो. पण ते खरे आहे. वरच्या वसाहतीचे सगळे सांडपाणी ज्या नळातून खाली येते, त्याचे झाकण माझ्या दारापासून चार पावलांवर आहे. तिकडे सफाईची गाडी दर सोमवारी जाते. आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा, तीही फोन केल्यावर.

२. माझे भिंग सायकल दुरुस्तीवाल्याला द्यावे. त्याला हल्ली ट्यूबचे भोक दिसत नाही, आणि तो ते कबूलही करत नाही. शब्दकोशाचे दोन्ही खंड शाळेला. पहिल्या खंडात माझ्या खुणा आहेत, त्या पुसू नयेत.

३. प्रभाग सभेच्या अध्यक्षांनी नागरिकांना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांपैकी अडीच मिनिटांतच घंटा वाजवून मला अनेकदा खाली बसवले. त्याबद्दलचा राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो बरोबर नेतो.

४. आता घराविषयी.

हे घर, मागच्या मोरीसह, शेजारच्या इस्त्रीवालीला द्यावे. ती माझी नातलग नाही. मागच्या मंगळवारपर्यंत नऊ वर्षे आमचे बोलणेही नव्हते. मुलाला हे विचित्र वाटेल, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी मी सभेत सांडपाण्याचा प्रश्न पहिल्यांदा मांडला. महिन्याने इतिवृत्त हाती आले. त्यात लिहिले होते, "अर्जदाराच्या तक्रारीची नोंद घेण्यात आली." आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. मी ते आळीत उभे राहून मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "झालं आपलं काम." नोंद घेतली म्हणजे मंजूर केले, असा मी अर्थ घेतला. नोंद घेतली म्हणजे वहीत लिहिले आणि वही मिटली, हे मला पुढे कळले.

इस्त्रीवालीने त्या आठवड्यात उंबरा दोन फूट उचलण्यासाठी विटा आणून ठेवल्या होत्या. तिने मला विचारले, "काका, बांधून घेऊ का थांबू?"

"थांब," मी म्हणालो. "आता नळच मोठा टाकणार आहेत. उगाच खर्चात कशाला पडतेस?"

तिने विटा परत पाठवल्या. पावसाळ्यात झाकण उचलले गेले आणि मैला तिच्या घरात गुडघाभर चढला. माझे घर जोत्यावर आहे, मी कोरडा राहिलो. गाडी तिसऱ्या दिवशी आली. तिची धाकटी मुलगी, सहा वर्षांची, अकराव्या दिवशी गेली. त्यानंतर इस्त्रीवाली मला समोर कधी काही बोलली नाही. माझ्या पाठीमागे मात्र ती मला 'नोंदवाले' म्हणते. आता सगळी आळीच म्हणते.

त्यानंतर मी रीतसर अर्ज दाखल केला. वरच्या वसाहतीला जी सफाई मिळते तीच, त्याच वारी, खालच्या आळीला मिळावी, एवढीच मागणी आहे. नऊ वर्षे तो जिवंत ठेवला. चार वेळा फाईल गहाळ झाली, चारही वेळा मी नक्कल दिली. आता सुनावणी लागली आहे, पण ती पावसाळ्यानंतर. नगरपालिकेतल्या कारकुनाला मी विचारले, मी मध्येच गेलो तर काय?

"फाईल बंद," तो म्हणाला. "अर्जदार हयात नसल्याने निकाली, असा शेरा मारायचा असतो. वारस, नाहीतर मृत्युपत्राने घर मिळालेला, पुढे चालवू शकतो. पण तो अर्जावरच्या पत्त्यावर राहणारा पाहिजे, काका. वर राहणारा मुलगा चालायचा नाही."

म्हणून घर आणि अर्ज एकाच हाती जायला हवेत. जी घर घेईल, तिने त्यात राहावे आणि सुनावणीला उभे राहावे. इस्त्रीवालीने नकार दिला तर घर मुलाचे होईल आणि अर्ज बंद पडेल. तिसरी वाट मला सापडलेली नाही.

५. मागच्या मंगळवारी मी तिच्याकडे गेलो. तिने हातातली इस्त्री थांबवली नाही.

"पोरीच्या बदल्यात घर देताय?"

"बदल्यात नाही. अर्ज चालवायला माणूस पाहिजे."

"मी तिथं काय बोलणार? तुम्हाला एवढं वाचता येऊन तुम्ही काय केलंत?"

तिने इस्त्री उभी केली आणि अर्ज वाचून दाखवा म्हणाली. मी तिन्ही पाने वाचली. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"यात माझी पोरगी कुठाय?"

नव्हती. नऊ वर्षांत मी त्या अर्जाचे सहा मसुदे केले, प्रत्येक स्वल्पविराम तपासला, आणि प्रत्येकात लिहिले, 'रहिवाशांची तीव्र गैरसोय होत आहे.' मुलीचे लिहिले असते तर विटांचे लिहावे लागले असते, आणि विटा कोणाच्या सांगण्यावरून परत गेल्या तेही.

"ते घाला," ती म्हणाली. "मग बघते."

६. म्हणून मी शपथेवर लिहितो: त्या पावसाळ्यात खालच्या आळीत एक मूल तुंबलेल्या मैल्याने आजारी पडून मेले. विटा माझ्या सांगण्यावरून परत गेल्या होत्या. सफाईची गाडी दोन दिवस उशिरा आली, ती नगरपालिकेमुळे. यातली कोणतीही बाब दुसरीमुळे कमी होत नाही. हे कलम आणि दुरुस्त केलेला अर्ज सुनावणीत पुरावा म्हणून वाचावा.

अर्ज, पान दोन, ओळ सात: 'तीव्र गैरसोय होत आहे' हे शब्द खोडून 'एका मुलीचा मृत्यू झाला आहे' असे केले आहे. खाडाखोड माझी. शेजारी दोन्ही साक्षीदारांच्या आद्याक्षरांच्या सह्या आहेत.

आम्ही दोघे इथे हजर होतो. लिहिणाऱ्याने आमच्या देखत सही केली, आणि आम्ही त्याच्या देखत.

साक्षीदार पहिला: (सही) आळीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर
साक्षीदार दुसरा: (सही) छापखान्यातील निवृत्त यंत्रचालक

लिहून ठेवणार: (सही)

ठिकाण: राहते घर, खालची आळी
दिनांक: ९ मार्च, सोमवार. वरच्या वसाहतीचा सफाईचा वार.