गंगाबाईंच्या दारात

हट्टा, गुरुवार, फेब्रुवारी १९४१

दुपारी ह्यांचा केवढा राग आला होता! आणि आता इतकी माया दाटून येतेय की लिहिल्याशिवाय राहवेना.

अर्धांगवायूने ह्यांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून आमच्या ख्रिस्ती देवळातला ह्यांचा उपदेश बंद. बोलणंही जड झालंय. त्यात आमच्याच मंडळीतल्या गंगाबाईंची लेक तापाने गेली. तेव्हापासून बाई भिंतीला टेकून बसलेल्या. ना रडणं, ना घास. सगळे समजावून थकले. आज हे म्हणाले, "मला तिकडं ने."

"तुमाला धड चालता येत न्हाई, जाऊन काय करणार?"

"जमंल तेवढं मी चालतो. बाकीचं देव बघंल."

माझ्या खांद्यावर हात टाकून निघाले आणि गंगाबाईंच्या दारातच कोसळले. मला एकटीला उचलवेना. तेवढ्यात गंगाबाई उठल्या. खरंच उठल्या! काखेत हात घालून ह्यांना बसवलं, पाणी पाजलं. ह्यांनी अडखळत प्रार्थना केली. निम्मे शब्द मलाही कळले नाहीत. पण गंगाबाईंना हुंदका फुटला. पोटभर रडल्या, मग माझ्या हातून भाकरी खाल्ली.

घरी आल्यावर विचारलं, "पडल्याची लाज न्हाई वाटली?"

हसले. "नीट चालत गेलो असतो, तर त्या बसूनच राहिल्या असत्या."

मी काहून अडवत होते ह्यांना? रोज देवाजवळ ह्यांचे पाय मागते. आज मागायचं राहूनच गेलं. नुसते आभार मानले आणि ह्यांच्या खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावली.