दुसऱ्या पिंजऱ्यातले शिंपले

५ जून
प्रयोगाचे शिंपल्यांचे दोन्ही पिंजरे वर काढले. एक बेटापलीकडच्या स्वच्छ पाण्यातला, दुसरा सॅमन माशांच्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाखालचा. परवाच्या वादळात दुसरा टिकला याचंच नवल! ऐन हिवाळा, थंडीनं बोटं वळत नव्हती. बाबांनी होडी स्थिर धरली.

१७ जून
आकडे आले. नळाखालच्या शिंपल्यांत रक्षक एन्झाइम बेटाच्या तिप्पट! पाण्यात विष असलं की पेशी वाचवायला शिंपला ही अँटिऑक्सिडंट ढाल उभारतो. पळून जाता येत नाही ना त्याला. माझ्या मार्गदर्शक दोक्तोरा ओलिवारेस म्हणाल्या, २७ला कारखान्याविरुद्धच्या सुनावणीत हे तूच मांड. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. आईनं किनाराभर सांगितलं.

२१ जून
शेजारच्या दोन्या एदुविना बटाट्याचे गरम मिल्काओ घेऊन आल्या. "एवढं शिकून शेवटी शिंपल्यांचीच वकील झालीस की गं!" सगळे हसले. बाबा उठून बाहेर गेले.

२३ जून
बाबांनी सांगून टाकलं. वादळात नळाखालचा पिंजरा फाटला होता, शिंपले सगळे वाहून गेले होते. त्यांनी तो विणला आणि पुन्हा भरला — मी पिंजरे काढले त्याच्या आदल्याच दिवशी.
"तुझं वर्ष फुकट गेलं असतं, पोरी. शिंपला तो शिंपला."
शिंपले वाढवायची दोरी तुटली की पुन्हा भरायची, आयुष्यभर हेच केलंय त्यांनी. ओरडू कशी?

२४ जून
सान हुआनचा सण. घरोघरी गाणी, मी खोलीत. सांगितलं तर कारखाना सुटणार आणि बाबांची गावात शोभा होणार. नाही सांगितलं तर मी खोटारडी. आई म्हणते, गप्प राहा, नळातून घाण येते हे आंधळ्यालाही कळतं. कळतं! पण मी ते मोजलेलं नाही. दोक्तोरांचा फोन दोनदा आला. उचलला नाही.

२५ जून
दोक्तोरांना पत्र लिहिलं. फाडलं.

२६ जून
बाबांना विचारलं, पिंजऱ्यात भरलेले शिंपले कुठले होते? ते दुखावले. "कुठले म्हणजे? आपल्याच दोऱ्यांवरचे. अख्ख्या खाडीत त्यांच्या तोडीचे नाहीत."
एका दिवसात एवढी ढाल उभी राहत नाही. म्हणजे ते तिप्पट आकडे आपल्या दोऱ्यांखालच्या पाण्याचे.
उद्या आपले शिंपले न्यायला बाजाराचा ट्रक येणार. बाबा दोऱ्या ओढायला गेलेत.